पायरी कोरडी होती

कल्याणहून ठाण्याला जायला मला तीन दिवस लागले असं सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, रस्ता बंद होता का? रस्ता चालू होता. बंद होत चालली आहे ती माझी नजर.

माझ्या डोळ्यांच्या पडद्याला एक आजार आहे. त्यात नजर कडांकडून आत मिटत येते. आज माझ्याकडे समोरचं एक ताटलीएवढं वर्तुळ उरलं आहे. त्या वर्तुळात मला बसचा नंबर वाचता येतो, पण त्याच बसची पायरी दिसत नाही. उन्हं उतरली की वर्तुळही जातं. हे मला बारा वर्षांपासून माहीत होतं. गेल्या वर्षापर्यंत मी ते माझ्या नवऱ्याखेरीज कुणालाही सांगितलं नव्हतं.

मी डोंबिवलीतल्या एका शाळेत भूगोल शिकवत होते. नऊ वर्षांपूर्वी मधल्या सुट्टीनंतर जिना उतरताना मी सहावीतल्या एका मुलीवर आदळले. ती वरून दिसली होती, पण जवळ गेल्यावर माझ्या डाव्या हाताला, नजरेबाहेर गेली. चार पायऱ्या खाली गेली आणि तिचं मनगट मोडलं. मोठ्या बाईंनी, म्हणजे तेव्हाच्या मुख्याध्यापिकांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हणाले, "पायरी ओली होती, आणि मुलगी धावत होती."

पायरी कोरडी होती. मुलगी भिंतीला धरून सावकाश उतरत होती.

मुलीचं नाव ऋतुजा. जिना पुसणाऱ्या सेविकेचं नाव हौसाबाई. ऋतुजाला शाळेत आणि घरी बोलणी बसली, हौसाबाईंना मेमो मिळाला. मला मात्र सगळ्यांनी विचारलं, "बाई, तुम्हाला कुठं लागलं नाही ना?"

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, दोन गोष्टी शिकवून गेले. खोटं बोलायचं नाही, आणि आपली गरज कुणाला कळू द्यायची नाही. दुसरी गोष्ट ते इतकी पाळायचे की लग्नकार्याला जातानासुद्धा पाण्याची बाटली घरून न्यायचे. मला या दोन्ही गोष्टी एकाच झाडाच्या फांद्या वाटायच्या. त्या दिवशी जिन्यावर दुसरी वाचवायला मी पहिली मोडली, आणि त्यानंतर आठ वर्षं मुलांना सत्यावरचे सुविचार फळ्यावर लिहून दाखवले.

गेल्या वर्षी गुडघ्यांचं कारण देऊन मी नोकरी सोडली. तेही खोटंच. मग पांढरी काठी वापरायला शिकले. मला शिकवणाऱ्या शैलाताई स्वतः जन्मापासून पूर्ण अंध आहेत. त्यांचा शेवटचा पाठ असा, की एकटीने, पायी आणि बस-रिक्षाने, लोकांना विचारत विचारत एक लांबचा प्रवास करायचा. "लोकल नंतर," त्या म्हणाल्या. "आधी रस्ता. आणि जिथे जायची भीती वाटते अशीच जागा निवडा."

मी दोन जागा निवडल्या. हौसाबाई निवृत्त होऊन शीळफाट्याजवळच्या आपल्या गावी राहतात. ऋतुजा ठाण्याला कॉलेजात शिकते. दोघींना फोन करून येते म्हणून कळवलं. कशाला येते ते सांगितलं नाही.

कल्याण

जानेवारीतली थंडी होती. पारनाक्याच्या घरातून सकाळी आठला निघाले. पाठीवर सॅक, सॅकमध्ये दोन ड्रेस, थालीपिठांचा डबा आणि नानांची लेक शोभेल अशी दोन लिटर पाण्याची बाटली.

श्रीकांत, माझा नवरा, दारात म्हणाला, "मी लांबून मागेमागे येतो. तुला कळणारही नाही."

"मला तर तू शेजारून आलास तरी कळणार नाही," मी म्हणाले. "म्हणूनच येऊ नकोस."

तो हसला आणि थांबला. ते त्याला किती जड गेलं असेल ते मला नंतर कळलं. दिवसभर त्याने एकही फोन केला नाही, आणि संध्याकाळी मी केला तेव्हा पहिल्याच रिंगला उचलला.

खरं सांगायचं तर गल्ली संपेपर्यंत काठी मी पिशवीतच ठेवली होती. ती घडीची असते. कोपऱ्यावर आले, श्वास घेतला आणि उघडली. तिचे चार तुकडे खट्खट् करून जुळले आणि शेजारी बसलेल्या भाजीवालीचा आवाज थांबला. पंधरा वर्षं तिच्याकडून मेथी घेत आले आहे.

"मॅडम, हे कधीपासून?"

"बारा वर्षं झाली."

"तरीच. तुम्ही समोरून यायच्या आणि ओळख नाय द्यायच्या. आम्ही म्हणायचो, मॅडम लय शिष्ट हायेत."

एवढ्या वर्षांत माझ्याबद्दल असं किती जणांना वाटलं असेल? मदत मागायची नाही म्हणून मी गप्प राहिले आणि गावभर शिष्ट ठरले. तिची माफी मागितली तर म्हणाली, "जाऊ द्या ओ. आता मीच हाक मारत जाईन."

पुढचा रस्ता माझ्या ओळखीचा होता, पण तो मी कधी कानांनी चालले नव्हते. पारनाक्यापासून शिवाजी चौकापर्यंत घरांची सकाळ ऐकू येते, कुकरच्या शिट्ट्या, देवघरातली घंटा, कुणीतरी कुणाला डब्यासाठी ओरडणं. स्टेशनच्या बाजूला आलं की ते सगळं रिक्षांच्या आवाजात बुडून जातं. वडे तळणारी गाडी पन्नास पावलं आधी नाकाला सांगते. पत्रीपुलाचा चढ पायाच्या पोटऱ्यांना कळतो.

पुलाआधी एका गृहस्थांनी न विचारता माझा दंड धरला, भर रहदारीतून रस्ता ओलांडून दिला आणि "सांभाळून जा हं आजी" म्हणून निघून गेले. मी एक्कावन्न वर्षांची आहे. आणि मला तो रस्ता ओलांडायचाच नव्हता. तो परत ओलांडायला वीस मिनिटं लागली.

ठाकुर्लीच्या बाजूला काठीचं टोक गटाराच्या जाळीत अडकलं. मी ओढलं, तर टोकाची रबरी टोपी आतच राहिली. टोपीशिवाय काठी फरशीच्या प्रत्येक फटीत अडकते. शेजारी पंक्चरचं दुकान होतं. तिथला माणूस म्हणाला, "इकडे द्या."

"नको, मी करते काहीतरी," माझ्या तोंडून आपोआप निघालं.

"काय करणार?" त्याने विचारलं. टोमणा नव्हता, त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

मी काठी दिली. त्याने जुन्या ट्यूबचा तुकडा कापला, तीन वेढे दिले, सोल्युशन लावलं आणि वाळेपर्यंत मला स्टुलावर बसवून त्याच्या मुलीच्या दहावीच्या तयारीबद्दल सांगत राहिला. पैसे द्यायला गेले ते त्याने घेतले नाहीत. "मुलीला नकाशा भरता येत नाही. कधी आलात इकडे तर दाखवा," म्हणाला. (गेल्या रविवारी दाखवून आले. नद्या पक्क्या झाल्या आहेत, पर्वत अजून कच्चे आहेत.) ती काळ्या रबराची टोपी मूळ टोपीपेक्षा चांगली ठरली. फरशी, माती, डांबर, प्रत्येकाचा आवाज वेगळा द्यायची.

डोंबिवली

मुक्काम उषाकडे. आम्ही एकाच स्टाफरूममध्ये अठरा वर्षं काढली. ती मराठी शिकवायची, माझ्याआधी दोन वर्षं निवृत्त झाली. तिने दार उघडलं, काठीला हात लावून पाहिला. मग म्हणाली, "आधी आत ये. मटार उसळ केली आहे."

उसळ झाली, ताक झालं, आणि मग मी तिला सगळं सांगितलं. आजार, जिना, खोटं, आणि उद्या हौसाबाईंकडे, परवा ऋतुजाकडे जाणार असल्याचं.

उषा माझी मैत्रीण आहे, पण ती कुणाला बरं वाटावं म्हणून बोलत नाही. तिने भांडी आवरली आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"मेधा, तू आजार लपवलास ते मी समजू शकते. पण आता हे उकरून कुणाचं भलं होणार आहे? नऊ वर्षं झाली. मुलगी बरी झाली, हौसाबाई सुखाने घरी बसली. तू सांगून मोकळी होशील. त्यांनी काय करायचं त्या सत्याचं? त्यांच्या मनात सल घालून तू हलकी होणार, हा स्वार्थ नाही का?"

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. मी रडेन, त्या रागावतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी सांगणार ते कुणासाठी, हा विचार मनात आलाच नव्हता.

"कदाचित असेल," मी म्हणाले.

"मग?"

"मग काय ते मला माहीत नाही. पण उषा, तो दोष दोघींच्या नावावर लागलेला आहे. तो माझा आहे. त्यांच्या नावावरून काढून तो माझ्या नावावर लावायचा, एवढं तरी करता येईल."

ती उठून माझं अंथरूण घालू लागली. मग म्हणाली, "सकाळी मी तुला गाडीने शीळफाट्याला सोडते." मी नाही म्हटलं. "हाही नानांचाच हट्ट ना?" तिने विचारलं.

"नाही. ही शैलाताईंची परीक्षा आहे. पण मानपाडा रोडपर्यंत माझ्याबरोबर चाल. मला तिथला कोपरा कळत नाही."

उषाचा हात माझ्या हातावर आला. अठरा वर्षांत मी तिच्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट होती, असं ती म्हणाली. मी आठवून पाहिलं. खरंच होतं.

शीळफाटा

कल्याण-शीळ रस्ता कुणाला सुंदर वाटेल असं मी म्हणणार नाही. धूळ, अवजड गाड्या, कामासाठी लावलेले पत्रे आणि त्यांच्यामधून माणसांना उरलेली वीतभर वाट. उंच इमारतींची सावली अंगावरून गेली की गार वाटतं, ती संपली की ऊन परत येतं. त्यावरून मी इमारती मोजत गेले. काटईच्या पुढे मात्र एका ठिकाणी रहदारीचा आवाज जरा लांब गेला आणि सुक्या गवताचा, शेणाचा वास आला. वर्तुळातून पाहिलं, तर दोन टॉवरच्या मधे वालाचं हिरवंगार शेत होतं, आणि त्यात एक बाई शेंगा तोडत होती. भूगोलाच्या पुस्तकात आम्ही जमिनीचा वापर शिकवतो, निवासी, शेती, औद्योगिक, वेगवेगळ्या रंगांत. इथे ते तिन्ही रंग एकमेकांच्या मांडीवर बसले होते.

थांब्यावर बसचा नंबर वाचायला मी मान वर केली, वर्तुळ पाटीवर नेलं आणि पुटपुटत वाचला. मागून एक पुरुषी आवाज आला, "बघितलं? नंबर वाचला तिने. चांगलं दिसतंय. सीट मिळावी म्हणून नाटक."

बारा वर्षं मी हेच ऐकायला घाबरत होते. जुनी मी असते तर काठी मिटून पुढच्या थांब्यापर्यंत चालत गेले असते. पण कालपासून मी दोन-तीन माणसांशी खरं बोलले होते, आणि ते सवयीचं होऊ लागलं होतं. मी वळले.

"दादा, मला नंबर दिसला. तुम्ही दिसत नाही. मला समोरचं एवढंच दिसतं," मी दोन्ही हातांनी ताटलीएवढा गोल करून दाखवला, "आणि बसची पायरी त्यात येत नाही. म्हणून ही काठी."

बस आली. मी काठीने पायरी शोधत असताना तोच आवाज अगदी जवळून म्हणाला, "उंच आहे. डावीकडे दांडा आहे." दांडा खरोखर डावीकडे होता.

हौसाबाई फाट्यावर उभ्या होत्या. त्यांच्या गावात एकमेकांना 'अहो' म्हणायची पद्धत नाही, लहानमोठं सगळ्यांना 'तू'. शाळेत त्या मला दबकून 'म्याडम' म्हणायच्या, इथे आपल्या मातीत होत्या.

"आलीस गो बाय? आनि ही काठी कशाला?" मग त्यांनीच माझ्या डोळ्यांपुढे हात हलवून पाहिला. "तुना दिसत नाय?"

"थोडं दिसतं."

"चल घरा. आधी जेवाचा, मंग बोलाचा."

आमच्या पारनाक्याच्या घरात पाहुण्याला विचारतात, चहा घेणार का? पाहुणा नको म्हणतो, मग पुन्हा विचारतात. हौसाबाईंच्या घरी विचारणं नाही. मी सॅकमधून थालीपिठाचा डबा काढला, तर त्यांनी तो उचलून फळीवर ठेवला आणि माझ्यापुढे ताट आलं. मी मासे खात नाही हे त्यांना आठवत होतं. वालाचं बिरडं, तव्यावरून काढलेली तांदळाची भाकरी, आणि वर पाण्याचा तांब्या. ती भाकरी इतकी पातळ आणि मऊ होती की आमच्या ज्वारीच्या भाकरीला लाज वाटावी. मी तीन खाल्ल्या. आणि तांब्यातलं पाणी प्यायले.

मग सांगितलं. तयारी केलेली वाक्यं एकही आठवली नाही. "हौसाबाई, पायरी कोरडी होती. मला ऋतुजा दिसली नाही. मी खोटं बोलले."

चुलीतलं लाकूड त्यांनी मागे ओढल्याचा आवाज आला.

"माना म्हाईत हाय," त्या म्हणाल्या.

मला कळलंच नाही.

"माना म्हाईत हाय कोरडी व्हती. मीच पुसली ना. मधले सुट्टीचे आधी पुसाची आनि सुका फडका माराचा, असा माझा नेम. पस्तीस वर्षांत एक दिवस चुकला नाय. तू बोललीस ओली व्हती. मोठी बाय बोलली, हौसा, मेमो. मी काय बोलनार? तुम्ही शिकलेल्या. मी खोटा बोललू नाय, पन खरा पन बोललू नाय."

त्या उठल्या. आतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. त्यात मेमो होता, चार घड्या घातलेला. तो माझ्या हातात दिला. अक्षरं वर्तुळात एकेक येत होती. 'कामातील निष्काळजीपणा.' खाली हौसाबाईंचा अंगठा नव्हता, सही होती, मोठ्या, वळणदार अक्षरात. निवृत्तीआधी सही करायला त्या शाळेतच शिकल्या होत्या, आणि त्यांनी ती पहिल्यांदा केली होती ती या कागदावर.

"मला माफ करा," मी म्हणाले.

"माफी कशाला माना? माफी घेऊन मी काय करू?" आता त्यांचा आवाज चढला. शांतपणे चढला. "माझे कामाला नाव ठेवलान. निरोपाचे दिवशी सगल्यांनी साडी दिली, नारल दिला, आनि एक बाय पाठून हलूच बोलली, आता तरी पायऱ्या सुक्या र्‍हातील. ता मी घरा घेऊन आली. ह्यो कागूद खोटा हाय असा लिवून आन. शालेचा शिक्का मारून. मंग मी बघीन."

मी होकार दिला. मग पडवीत बसून राहिले. उषाच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं होतं. सत्याचं काय करायचं ते हौसाबाईंना नऊ वर्षांपासून नेमकं माहीत होतं. माहीत नव्हतं ते मलाच. मी त्यांच्या गरजेचा विचार कधी केलाच नव्हता, कारण गरज ही गोष्टच माझ्या घरात लाजिरवाणी होती.

त्या पडवीत मी नानांशी मनातल्या मनात भांडले. म्हणाले, नाना, तुमची पहिली गोष्ट मी ठेवते. दुसरी परत करते. तुम्ही ती मोठेपणा म्हणून दिलीत, पण ती भीती होती. तुमची असेल, तुमच्या काळाची असेल, माझी करायची गरज नव्हती. वडिलांना असं बोलल्यावर काहीतरी तुटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. उलट त्या रात्री हौसाबाईंच्या घोंगडीत मी अशी झोपले की सकाळी त्यांना मला हलवून उठवावं लागलं.

कळव्याचा पूल

तिसऱ्या दिवशी शीळफाट्याहून बसने मुंब्र्यावरून कळवा. मुंब्र्याला एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडी आहे हे मी मुलांना शेकडो वेळा सांगितलं होतं. या खेपेला ते अंगाला कळलं. डाव्या गालावर खाडीचा गार, खारट वारा आणि उजवीकडे डोंगराने अडवलेली ऊब. शेजारी बसलेल्या बाईंनी हिंदीत विचारलं, एकट्या का फिरता? मी म्हणाले, शिकतेय. त्या म्हणाल्या, "अच्छा है. इस उमर में कौन सीखता है," आणि पिशवीतला ताजा पाव मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला. मी खाल्ला.

कळव्याला उतरले. इथून ठाण्यापर्यंतचा खाडीवरचा पूल मला एकटीने पायी ओलांडायचा होता. शैलाताईंनी सांगितलं होतं, पूल सगळ्यात अवघड. भिंत नाही, दुकान नाही, वास बदलत नाही, विचारायला माणूस थांबत नाही.

खरंच अवघड होता. गाड्या गेल्या की पायाखाली पूल थरथरायचा. एका ठिकाणी पदपथावर कुणीतरी वाळू टाकून ठेवली होती. काठी रुतली, मी गुडघ्यावर पडले आणि तळहात सोलला. उठले, तर तोंड कुठल्या दिशेला आहे ते कळेना. शाळेच्या जिन्यात, घरात, रस्त्यावर कधी वाटली नव्हती इतकी भीती वाटली. मग थांबले. वारा कुठून येतो ते पाहिलं. मघाशी डाव्या गालावर होता, आता मानेवर होता. म्हणजे मी उजवीकडे वळले होते. पाव वळण परत घेतलं आणि काठीला कठडा लागला. टक्. इतका गोड आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

पुलाच्या मधोमध उभी राहिले. ओहोटी होती, चिखलाचा वास येत होता. वर्तुळ खाली नेलं. त्यात एक पांढरा बगळा आला, एका पायावर, अगदी स्थिर. बाकीची खाडी मला दिसत नव्हती, पण तो बगळा त्या दिवशी ठाण्यात कुणीही पाहिला नसेल इतका नीट मी पाहिला. वाहनांच्या आवाजात मी मोठ्याने, सुरात एक ते दहाचे पाढे म्हणत पूल उतरले. का ते माहीत नाही. आनंद झाला की मी पाढे म्हणते, लहानपणापासून.

ठाणे

ऋतुजा तलावपाळीला भेटली. सहावीतली मुलगी आता माझ्याहून उंच होती. तिने काठी पाहून काही विचारलं नाही, कोपर पुढे केलं. "असंच धरतात ना? कॉलेजात एक मैत्रीण आहे माझी." आम्ही तळ्याच्या कठड्यावर बसलो. पाण्यातून होड्यांचे आवाज येत होते, मागे कुणीतरी भेळ कालवत होतं.

मी सांगितलं. हौसाबाईंच्या घरी सांगितलं तसंच, तीन वाक्यांत.

ऋतुजा उठली. चार पावलं गेल्याचं ऐकू आलं, मग परत आल्याचं.

"बाई, मी धावत होते," ती म्हणाली.

"नव्हतीस."

"मला नऊ वर्षं वाटतंय मी धावत होते. मला आठवतंय मी धावत होते." "पप्पांनी मला खो-खोतून काढलं. म्हणाले, तुला अंगाचं भान नाही. मी टीममध्ये होते, बाई. मला पण पटलं. मी अजून जिना उतरताना स्वतःला सांगते, ऋतुजा, हळू."

याची मला कल्पना नव्हती. मोडलेलं मनगट जुळतं हे मी धरून चालले होते. मुलीला तिची स्वतःची आठवणच बदलून दिली आहे हे कुठून कळणार?

"तू भिंतीला धरून उतरत होतीस," मी म्हणाले. "डाव्या हाताने. उजव्या हातात कंपास होता. वरून मला ते दिसलं होतं, पण जवळ आल्यावर तू माझ्या नजरेतून निसटलीस. तू काही चुकली नाहीस. तुझं शरीर तुझ्या पूर्ण ताब्यात होतं."

ती रडली. मी थांबले. समजूत घातली नाही, कारण ते माझं काम नव्हतं. थोड्या वेळाने तिने फोन काढला.

"पप्पांना सांगाल? आत्ता?"

"लाव."

फोनवर एक दमदार आवाज आला. मी माझं नाव सांगितलं आणि तेच सांगितलं.

"बाई," ते म्हणाले, "हे तुम्ही तेव्हा सांगायला हवं होतं."

"हो."

"मी तिला फार बोललो आहे."

"ते माझ्यामुळे."

"नाही," ते म्हणाले. "विचारलं तर मी तिलाही नव्हतं. फोन तिला द्या."

बाप-लेक काय बोलले ते मी ऐकलं नाही, भेळवाल्याकडे जाऊन उभी राहिले. ऋतुजा आली तेव्हा तिचं नाक चोंदलेलं होतं आणि आवाज हसरा होता. "मी अजून चिडलेली आहे तुमच्यावर," ती म्हणाली.

"चिड. हक्क आहे तुझा."

"पण भूक लागलीये." आम्ही दोन भेळी खाल्ल्या, तिखट. त्यानंतर तिने मला जे दाखवलं ते मी आयुष्यभर जपून ठेवणार आहे. तळ्याकाठच्या मोकळ्या जागेत आपली सॅक मला धरायला दिली, म्हणाली, "वर्तुळ इकडे ठेवा," आणि तिथून झाडापर्यंत सुसाट धावली, झाडाला वळसा घालून परत आली, खो-खोतल्यासारखी खाली वाकून. लोक बघत होते. ती धापा टाकत माझ्यासमोर थांबली.

"दिसलं?"

"सगळं," मी म्हणाले.

परत

पुढच्या सोमवारी मी शाळेत गेले. नव्या मुख्याध्यापिकांना मी ओळखत नव्हते, त्यामुळे त्यांना काही वाईट वाटायची भीती नव्हती. माझं निवेदन लिहून नेलं होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"याने तुमच्या नावाला धक्का बसेल हे तुम्हाला माहीत आहे?"

"नाव आता बरोबर जागी लागतंय," मी म्हणाले.

संस्थेच्या लोकांची बैठक झाली, प्रश्न झाले, मला दोनदा बोलावलं. काही जुने सहकारी माझ्याशी बोलेनासे झाले, काही पहिल्यांदाच नीट बोलू लागले. दीड महिन्याने पत्र तयार झालं. मेमो रद्द, आणि सेवापुस्तकात तशी नोंद. खाली सही आणि शाळेचा गोल शिक्का. बैठकीत एकीने विचारलं, तुम्ही परत शिकवाल का? आठवड्याला चार तास, नकाशावाचन. मी हो म्हटलं, आणि अट घातली की पहिल्याच तासाला मुलांना काठी हाताळू द्यायची.

ते पत्र घेऊन मी पुन्हा शीळफाट्याला गेले. या खेपेला एका दिवसात. ऋतुजा ठाण्याहून आली होती, तिला हौसाबाईंना भेटायचं होतं. हौसाबाई पडवीत मांडी घालून बसल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला. गल्लीतल्या दोन सुना आणि शेजारची म्हातारी येऊन बसल्या.

"वाच," त्या म्हणाल्या.

मला वाचायला वेळ लागला असता, एकेक अक्षर. मी कागद ऋतुजाकडे दिला. तिने वाचलं. 'श्रीमती हौसाबाई यांच्या कामात कोणताही निष्काळजीपणा झालेला नव्हता. सदर दिवशी जिना स्वच्छ व कोरडा होता. त्यांची पस्तीस वर्षांची सेवा निष्कलंक आहे.'

हौसाबाईंनी शिक्क्यावर बोट फिरवलं असावं, कागदाचा आवाज आला.

"निष्कलंक म्हंजे?" एका सुनेने विचारलं.

"म्हंजे डाग नाय," हौसाबाई म्हणाल्या. मग ऋतुजाकडे वळल्या.

"अजून एकदा वाच, पोरी. मोठ्यान वाच. ती शेवटचे घरातली भीमी बहिरी हाय, तिला पन ऐकू जाव दे."

ऋतुजा उभी राहिली आणि पहिल्यापासून वाचू लागली.